प्रीकास्ट घटकांचा माग : एका बांधकाम प्रकल्पातलं आरएफआयडी टॅगिंग

पार्श्वभूमी

दोन बहुमजली निवासी इमारती प्रीकास्ट पद्धतीने उभ्या राहत होत्या. भिंती, स्लॅब, जिने आणि बाल्कन्या कास्टिंग यार्डात ओतल्या जात, तिथेच रचून ठेवल्या जात आणि उभारणीच्या क्रमाने ट्रेलरवरून साइटवर येत. साइटवर माल उतरवून ठेवायला जागा जवळजवळ नव्हती. ट्रेलर आला की क्रेनने घटक उचलायचा आणि थेट जागेवर बसवायचा, अशी आखणी होती. त्यामुळे यार्डातून चुकीचा घटक निघाला तर त्याचा फटका तासाभरात क्रेनला बसायचा.

एका मजल्याला सुमारे ८० घटक लागत. त्यातल्या पुष्कळ भिंती बाहेरून सारख्याच दिसायच्या. फरक असायचा तो विजेच्या खोक्याच्या जागेत, पाइपच्या भोकात किंवा खिडकी डावीकडे आहे की उजवीकडे यात. आरशातल्या प्रतिमेसारख्या या डाव्या-उजव्या जोड्याच पुढे सर्वांत जास्त त्रासदायक ठरल्या.

नोंद ठेवायची पद्धत जुनीच होती. साचा काढल्यावर घटकावर स्टेन्सिलने रंगात क्रमांक टाकायचा, यार्डाच्या रजिस्टरमध्ये रांग लिहायची, पाठवताना चलान फाडायचं. महिन्याला एखाददुसरा मजला उभा राहत होता तोवर हे निभावलं. दोन्ही इमारती एकाच वेळी वर जाऊ लागल्या तशी ही पद्धत कोलमडली.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता तक्रार एकच होती, ‘माल सापडत नाही’. चौकशी केल्यावर तीन वेगळ्या अडचणी दिसल्या, आणि त्यांची उत्तरंही वेगळी होती.

पहिली अडचण जागेची. आतला एक घटक काढायचा तर आधी पुढचे तीन-चार हलवावे लागत. ते परत जिथे मोकळी जागा मिळेल तिथे ठेवले जात आणि ती नवी जागा रजिस्टरमध्ये कुणी लिहीत नसे. क्रमांक अनेकदा रॅकच्या आतल्या बाजूला जायचा किंवा साच्याच्या तेलावर टाकलेला रंग पावसात निघून जायचा.

दुसरी अडचण ताकदीची. साच्यातून काढायला, उचलायला आणि वाहतुकीला काँक्रीटची किमान ताकद ठरलेली असते. क्यूब चाचणीचे (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद मोजण्याच्या चाचणीचे) निकाल प्रयोगशाळेच्या वहीत, घटक यार्डात, आणि ट्रेलर भरणाऱ्याच्या हातात फक्त मागणीची यादी. निकाल येण्याआधीच घटक ट्रेलरवर चढल्याचे प्रकार घडले होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने तिन्हींपैकी हीच बाब सर्वांत गंभीर होती. तरी तिची तक्रार कुणी केली नव्हती, कारण तिच्यामुळे काम थांबत नव्हतं.

तिसरी अडचण ओळखीची. डाव्याऐवजी उजवी भिंत साइटवर पोचायची आणि ती उचलून लावायला घेतल्यावरच चूक कळायची.

विचारात घेतलेले पर्याय

जुनीच पद्धत शिस्तीने राबवायची, हा पहिला पर्याय. खर्च नाही, शिकवणं नाही. पण दर वेळी घटक हलवल्यावर कुणी रजिस्टरपाशी चालत जाऊन नोंद करेल ही अपेक्षाच खोटी होती, म्हणून तो सोडला.

दुसरा पर्याय क्यूआर संकेताच्या पट्ट्यांचा. स्वस्त, साध्या मोबाईलवर वाचता येणाऱ्या. मर्यादा एवढीच की पट्टी दिसली पाहिजे, स्वच्छ असली पाहिजे आणि माणूस हातभर अंतरावर पोचला पाहिजे. रॅकमध्ये दाटीने उभ्या भिंतींत हे दर वेळी जमत नाही.

तिसरा, बॅटरीवर चालणारे सक्रिय टॅग. ते स्वतःहून संकेत पाठवतात आणि कित्येक मीटर दूरच्या रिसीव्हरपर्यंत पोचतात. पण प्रत्येक घटक शेवटी इमारतीत कायमचा जातो, म्हणजे टॅग काढून परत वापरायचा तर ते काम कुणाच्या तरी गळ्यात पडणार. हजारो घटकांसाठी हा हिशेब बसत नव्हता.

चौथा, बॅटरी नसलेले यूएचएफ आरएफआयडी टॅग, म्हणजे अतिउच्च वारंवारितेच्या रेडिओ लहरींवरून ओळख सांगणाऱ्या छोट्या चिपा. रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींवरच हे टॅग जागे होतात आणि आपला क्रमांक परत पाठवतात. ही यंत्रणा ८६० ते ९६० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. नेमकी कोणती वारंवारिता आणि किती शक्ती वापरायची हे त्या त्या देशाच्या नियमांवर ठरतं, म्हणून रीडर घेताना तो कोणत्या प्रदेशासाठी बांधलेला आहे हे पाहावंच लागतं. मोकळ्या हवेत चांगला टॅग काही मीटरवरून वाचला जातो आणि एका फेरीत अनेक टॅग वाचता येतात.

निवड चौथ्या पर्यायाची झाली, पण एकट्याची नाही. त्याच टॅगच्या कवचावर क्यूआर संकेत आणि साध्या डोळ्यांनी वाचता येईल असा क्रमांकही छापला. रीडर बंद पडला तर काम थांबू नये एवढाच त्यामागचा विचार होता, आणि पुढे त्याचा उपयोग अनेकदा झाला. सिमेंट, वाळू, खडी, सुटी सळई यांना टॅग लावायचे नाहीत हेही तेव्हाच ठरलं. सुट्या मालाचं वजन किंवा माप मोजायचं असतं, तुकड्यांची ओळख नव्हे.

टॅग कुठे बसवायचा

हा निर्णय सर्वांत जास्त वेळ खाऊन गेला, आणि तो वेळ सार्थकी लागला.

पहिली कल्पना होती टॅग सळईच्या पिंजऱ्याला बांधून काँक्रीटमध्येच गाडायची. टॅग हरवणार नाही, निघणार नाही आणि ओतल्या क्षणापासून घटकाला ओळख मिळेल. चाचणीसाठी तीन जागा घेतल्या : सळईला चिकटून, सळईपासून प्लॅस्टिकच्या ठोकळ्याने दूर धरून, आणि पृष्ठभागाजवळच्या खाचेत.

सळईला चिकटलेला टॅग जवळजवळ मुका झाला. लोखंडाच्या सान्निध्यात टॅगच्या अँटेनाचा मेळ बिघडतो आणि तिला पुरेशी शक्ती मिळत नाही. ठोकळ्यावरचा टॅग पुढे बरा वाचला गेला, पण ओतल्याच्या दिवशी रीडर अगदी टेकवल्याशिवाय दाद देईना. ताज्या काँक्रीटमधलं पाणी या लहरी शोषून घेतं. काँक्रीट जसं वाळत जातं तसं वाचनाचं अंतर वाढतं. म्हणजे गाडलेला टॅग ज्या दिवसांत सर्वांत जास्त लागतो, साचा काढताना आणि पहिल्यांदा रचताना, नेमका तेव्हाच तो सर्वांत कमकुवत असतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आक्षेप वेगळा होता. सळईवरचं काँक्रीटचं आवरण गंजापासून संरक्षणासाठी असतं. त्यात प्लॅस्टिकचं पोकळ कवच बसवलं तर तेवढ्या जागी आवरण पातळ होतं. हा आक्षेप रास्त होता, आणि त्याने गाडण्याचा पर्याय निकालात निघाला.

शेवटी टॅग घटकाच्या कडेवर, वरच्या उचल-अँकरपासून (क्रेनचा हूक अडकवायच्या जागेपासून) हातभर खाली, उथळ खाचेत बसवायचं ठरलं. साच्याच्या बाजूच्या पत्र्याला चुंबकाने चिकटणारा छोटा रबरी ठोकळा लावला की खाच आपोआप तयार होते. तिची जागा सळई नसलेल्या भागात येईल असं कार्यचित्रातच दाखवलं. साचा काढल्यावर टॅग एपॉक्सीने चिकटवायचा. रॅकमध्ये उभ्या भिंतींची आणि आडव्या रचलेल्या स्लॅबची कडच रस्त्याकडे असते, त्यामुळे रचण्याचा एकच नियम करावा लागला : टॅगची कड रस्त्याकडे.

सुरुवातीला बरेच टॅग गळून पडले. कारण शोधल्यावर साधं निघालं. खाचेत साच्याचं तेल आणि सिमेंटची भुकटी राहायची आणि एपॉक्सी काँक्रीटऐवजी त्या थराला धरायची. तारेच्या ब्रशने घासणं, पुसणं, खाच कोरडी असल्याची खात्री करणं आणि टॅग दाबून एपॉक्सी कडेने बाहेर येईल इतकी भरणं, हे चार टप्पे लिहून यार्डात लावले. नंतर गळती नगण्य राहिली.

या निवडीची किंमतही होती. ओतल्यापासून साचा काढेपर्यंत घटकाला स्वतःची ओळख नव्हती. ती साच्याकडून उसनी घ्यावी लागत होती. म्हणून प्रत्येक पोलादी साच्यावर धातूवर चालणारा खास टॅग बसवला. त्यात अँटेना आणि धातू यांच्यामध्ये अंतर राखणारा थर असतो. साध्या कागदी चिकटपट्टीचा टॅग पोलादावर लावला तर तो वाचलाच जात नाही.

टॅगमध्ये काय लिहायचं

घटकाचं नाव, मजला, चित्राची आवृत्ती असं सगळं टॅगच्या स्मृतीत लिहावं अशी मागणी झाली. ती नाकारली गेली. चित्रांच्या आवृत्त्या बदलतात, आणि आधीच चिकटवलेल्या टॅगमधली जुनी माहिती चुकीची ठरते. टॅगमध्ये फक्त ९६ बिटांचा न बदलणारा अनुक्रमांक ठेवला, तो पासवर्डने कुलूपबंद केला आणि बाकी सगळं डेटाबेसमध्ये ठेवलं.

वाचन म्हणजे नोंद नव्हे

पहिल्या आराखड्यात जिथे टॅग वाचला जाईल तिथे घटक ‘आला’ असं धरलं होतं. हे चुकीचं आहे. रीडरला एवढंच कळतं की अमुक टॅग आत्ता आपल्या लहरींच्या टप्प्यात आहे. घटक चढवला जातोय, उतरवला जातोय की नुसता शेजारून जातोय हे त्याला कळत नाही. म्हणून आधी घटना ठरवल्या आणि प्रत्येक घटनेला एक जबाबदार माणूस नेमला :

ओतणं : साच्याचा टॅग वाचून, बॅच क्रमांकासह. जबाबदारी साच्याच्या मुकादमाची.
साचा काढणं आणि टॅग चिकटवणं : साचा आणि नवा टॅग एकामागून एक वाचून.
ताकदीची मान्यता : प्रयोगशाळेने निकाल भरल्यावर आपोआप.
रचणं किंवा हलवणं : क्रेनसोबतच्या रिगरच्या (घटक क्रेनला अडकवणाऱ्या कामगाराच्या) हातातल्या रीडरवर.
ट्रेलरवर चढवणं : यार्ड तपासनिसाकडे. ताकदीची मान्यता नसेल तर रीडरवर लाल पडदा येतो आणि नोंद पुढे सरकत नाही.
साइटच्या गेटवर पोचणं.
जागेवर बसवणं.

तिसऱ्या आणि पाचव्या घटनेची सांगड हाच या सगळ्या यंत्रणेचा सर्वांत मोलाचा भाग होता. त्यासाठी आरएफआयडीच हवं होतं असं नाही. क्यूआरवरही हे साधलं असतं. पण घटकाला ओळख आणि त्या ओळखीला जोडलेला निकाल हे आधी कुठेच एकत्र नव्हतं.

गेटवरची गडबड

साइटच्या गेटवर चार अँटेनांचा स्थिर रीडर बसवला होता. पहिल्याच आठवड्यात तो न आलेले घटक ‘आले’ म्हणून दाखवू लागला. गेटपासून थोड्याच अंतरावर उतरवून ठेवलेल्या स्लॅबचे टॅग तो वाचत होता. शिवाय ट्रेलरच्या पोलादी चौकटीवरून लहरी परावर्तित होऊन अनपेक्षित दिशेला पोचत होत्या.

उपाय एका वेळी एकच बदल करून शोधला. रीडरची शक्ती ३० डीबीएमवरून (डीबीएम हे रेडिओ शक्तीचं माप) टप्प्याटप्प्याने खाली आणली. अँटेना आत आणि खाली झुकवल्या. गेटच्या दोन्ही बाजूंना माल न ठेवण्याचा पट्टा आखला. रीडर सतत चालू न ठेवता ट्रेलरने प्रकाशकिरण अडवला की ठरावीक वेळच चालेल अशी जोडणी केली. शेवटी क्षीण संकेताची आणि एखाद-दुसऱ्या वेळीच झालेली वाचनं वगळायची गाळणी लावली.

या शेवटच्या पायरीवर एक सापळा होता. गाळणी ‘किती वेळा वाचलं’ हे मोजते, पण रीडर अशा सत्रावर (टॅगशी बोलण्याच्या सेटिंगवर) चालत होता ज्यात एकदा वाचलेला टॅग काही काळ गप्प बसतो. परिणामी खरोखर आलेले घटकही एकेकदाच वाचले जाऊन गाळले जात होते. सत्र बदलून टॅग पुन्हा पुन्हा उत्तर देईल असं केल्यावर गाळणी जागेवर आली. गेटचा रीडर बसवणाऱ्याने ही सेटिंग आणि गाळणी एकत्रच तपासावी.

आणखी एक अडचण उरलीच. ट्रेलरवरच्या चौकटीच्या आतल्या बाजूची भिंत इतरांच्या आड जाते आणि कधीकधी वाचली जात नाही. दहापैकी नऊ वाचल्या, दहावी यादीत आहे, मग ती आलीच असं धरायचं का?

सुरुवातीला तसंच धरलं, कारण गेटवर ट्रेलर खोळंबत होते. मग एका फेरीत दहावी भिंत यादीतली नव्हतीच. तिची उजवी जोडीदार चढली होती, आणि सोयीसाठी घातलेल्या त्या गृहीतकाने चूक झाकली. त्या दिवसापासून नियम बदलला : न वाचलेला घटक न आलेला धरायचा, आणि तपासनिसाने हातातल्या रीडरने किंवा क्यूआरने तो शोधून नोंदवायचा. गेटवर काही मिनिटं जास्त जातात, पण पडद्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवता येतो.

यार्डातली जागा

जागा नोंदवण्यासाठी हातातल्या रीडरमधलं जीपीएस वापरून पाहिलं. त्याची चूक काही मीटरची, आणि दोन रॅकमधलं अंतर त्याहून कमी. उंच रॅक आणि क्रेनशेजारी ती आणखी वाढते. नकाशावर घटक शेजारच्या रांगेत दिसू लागले, तेव्हा हा मार्ग सोडला.

त्याऐवजी प्रत्येक रांगेच्या खांबावर एक स्थिर टॅग बसवला. रिगर आधी खांबाचा टॅग वाचतो, मग ठेवलेला घटक. इथे रीडरची शक्ती महत्त्वाची ठरली. पूर्ण शक्तीवर शेजारच्या रांगेतलेही टॅग वाचले जात. म्हणून दोन बटणं केली : ‘ठेवणं’ कमी शक्तीवर, ‘शोधणं’ पूर्ण शक्तीवर. शोधताना हवा तो क्रमांक निवडला की जवळ जाऊ तसा आवाज जलद होतो. हातमोजे घालून छोट्या पडद्यावर टाइप करता येत नाही, म्हणून रिगरच्या कामातलं सगळं टायपिंग काढून टाकलं.

नेटवर्क सगळीकडे नव्हतं. रीडर नोंदी साठवून नंतर पाठवत असत, आणि एका रीडरचं घड्याळ मागे पडल्यामुळे काही घटक पोचण्याआधीच बसवल्याचं दिसलं. पाळी सुरू होताना सर्व रीडरची घड्याळं जुळवणं आणि घटनेची वेळ व सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळी ठेवणं, एवढ्याने ते मिटलं.

बसवल्याची नोंद कुणी करायची

आधी हे काम उभारणीच्या रिगरकडे होतं. भिंत क्रेनवर लटकलेली, दोन्ही हात गुंतलेले, खाली टेकू लावायची घाई. अशा वेळी रीडर काढणं शक्यही नव्हतं आणि सुरक्षितही नव्हतं. नोंदी राहत गेल्या, आणि राहिलेल्या नोंदींवरून रिगरांना बोल लावले गेले. दोष माणसांचा नव्हता, आखणीचा होता. पुढे ही नोंद साइट इंजिनिअरकडे गेली. तो ओळंबा आणि पातळी तपासून सही करतोच, त्याच वेळी टॅगही वाचतो. सांध्यात ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरल्यावर टॅग झाकला जातो, म्हणून वाचन त्याआधीच व्हायला हवं. हा क्रम तपासणीच्या यादीतच घातला.

परिणाम

यार्डात घटक शोधण्यात जाणारा वेळ ठळकपणे घटला. मुख्यतः ‘हलवल्याची’ नोंद आता जागेवरच, एका बटणाने होत होती म्हणून. ताकदीची मान्यता नसलेला घटक ट्रेलरवर चढणं थांबलं. रजिस्टर आणि रीडर काही आठवडे समांतर चालवले, मग रजिस्टर बंद केलं. ते चालू असेपर्यंत तपासनीस रजिस्टरवरच भरवसा ठेवत आणि रीडरच्या नोंदी उशिरा भरत.

चुकीची ओळख मात्र पूर्णपणे गेली नाही. शेजारच्या दोन साच्यांतून डावी-उजवी जोडी एकाच वेळी निघाली आणि टॅगची अदलाबदल झाली. त्यानंतर यंत्रणा ठामपणे चुकीचं सांगत राहिली, आणि छापील क्रमांकावर विश्वास असल्याने कुणी खिडकीची बाजू पाहिली नाही. उपाय दोन केले. साच्याचा टॅग वाचल्याशिवाय घटकाचा टॅग छापलाच जात नाही, आणि तो चिकटवेपर्यंत पुढचा साचा उघडता येत नाही. शिवाय ट्रेलर भरणाऱ्याच्या पडद्यावर घटकाचं रेखाचित्र येतं, खिडकीची बाजू ठळक करून.

वेगळं काय करता आलं असतं

घटनांची यादी आणि प्रत्येक घटनेचा जबाबदार माणूस हे रीडर विकत घेण्याआधी ठरायला हवं होतं. गेटवर चार अँटेना आधी लागल्या आणि त्यांनी काय नोंदवायचं हे नंतर ठरलं. तसं पाहता गेटवर हातातला एक रीडरही पुरला असता. ट्रेलर दिवसाला मोजकेच येत होते, आणि ज्या गोंधळाला आवरायला एवढा खटाटोप करावा लागला तो स्थिर रीडरमुळेच उभा राहिला होता. दर काही मिनिटांनी वाहन येत असेल तर स्थिर रीडर योग्य आहे, इथे ती वेळ नव्हती.

जिन्यांना टॅगची गरज नव्हती. संख्या कमी, आकार वेगळा, गल्लत होण्याचा संभव नाही. त्यांना क्यूआर पट्टी पुरेशी होती.

उभारणीच्या रिगरांना आखणीच्या पहिल्या बैठकीत बोलावलं असतं, तर बसवल्याच्या नोंदीची जबाबदारी सुरुवातीलाच योग्य माणसाकडे गेली असती.

टॅगची खाच कार्यचित्रात आली, पण टॅगचा क्रमांक इमारतीच्या त्रिमितीय मॉडेलमधल्या घटकाशी जोडला गेला तो अर्ध्या कामानंतर. तोवर दोन यादीतले घटक हाताने जुळवावे लागले. मॉडेलमध्ये प्रत्येक घटकाला मुळातच स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो. टॅगचा अनुक्रमांक त्याच्याशी पहिल्या दिवसापासून बांधला, तर चित्राची आवृत्ती बदलली तरी दुवा तुटत नाही. शिवाय कोणता घटक कधी ओतला, कोणत्या बॅचचा, त्याची ताकद किती आली, हा सगळा इतिहास इमारत ताब्यात देताना एका फाइलमध्ये देता येतो. टॅग ग्राउटखाली गेले तरी ती फाइल देखभालीच्या कामाला येते.